भाताचा ढीग आणि पट्ट्याचं भोक

भामरागडच्या तपासणी शिबिरात एकाच सकाळी दोघांची साखर वाढलेली निघाली. पहिले आश्रमशाळेतले गुरुजी. वय 41, उंची 166 सेंटिमीटर, वजन 78 किलो, कंबर 98 सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर 112, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 168. मधुमेह अजून झालेला नाही, पण पाय उंबरठ्यावर आलेला. दुसरा नदीपलीकडच्या गावचा माडिया शेतकरी. वय साधारण तेवढंच, उंची 160, वजन 44. उपाशीपोटी साखर 210.

गुरुजी म्हणाले, "मॅडम, डायट लिहून द्या." शेतकऱ्याला डायट आधीच मिळालं होतं. साखर आली म्हणजे जेवण कमी करायचं, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं आणि महिनाभर तो ते इमानेइतबारे पाळत होता.

मी मधुमेहाची डॉक्टर. या कामात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती झेरॉक्स काढून वाटलेल्या आहारतक्त्याची. सकाळी ओट्स, अकरा वाजता सफरचंद, चार वाजता ग्रीन टी. आलापल्लीहून साठेक किलोमीटर जंगलातून आत आलेल्या गावात सफरचंद कुठून आणायचं? बरं, आणलं तरी त्याचा उपयोग काय?

गुरुजींचं आधी सांगते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मी तं काही जास्त जाडा नाही जी, मग कावून?" खरं होतं ते. शहरातल्या लग्नात त्यांना कुणी जाड म्हटलं नसतं. पण आपल्या लोकांसाठी बीएमआय 23 च्या वर गेला की वजन जास्त धरतात, 25 च्या वर लठ्ठपणा. गुरुजींचा 28 होता. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची 80 च्या. आपली चरबी कातडीखाली कमी आणि पोटात, यकृतात जास्त साठते.

हे कोडं उलगडण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मोठा वाटा आहे. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी, पोटाचे अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. अशा शरीराला पुढे बसून खायला मिळालं की साखर लवकर चढते. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गडचिरोलीतल्या कृश आया आल्या, आणि आता हाती मोटारसायकल आलेली त्यांची पोरं.

गुरुजींना मी तक्ता दिला नाही. म्हटलं, "एका दिवसाचे कच्चे तांदूळ किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून आणा." दुसऱ्या दिवशी ते ओशाळून आले. दोन जेवणांचे मिळून 380 ग्रॅम, म्हणजे तांदळाच्याच तेराशेहून जास्त कॅलरी. सोबत डाळ 40 ग्रॅम, तीही पातळ वरणात. भाजी म्हणजे बटाट्याचा रस्सा. सकाळचे पोहे आणि चार कप साखरेचा चहा वेगळाच. साखर नको म्हणून गुरुजींनी जिलेबी सोडली होती. ताटातल्या भाताच्या ढिगाकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं. यात त्यांचा दोष नाही. भात हे इथलं अन्न आहे. भात खाल्ला नाही तर माणूस जेवलाच नाही असं मानतात. त्यामुळे भात बंद करा म्हणणारा डॉक्टर इथे दोन आठवडेही टिकत नाही.

ठरलं ते एवढंच. प्रत्येक जेवणाला तांदूळ 70 ग्रॅम. मोकळी झालेली जागा घट्ट वरणाने, अंड्याने, नदीच्या मासळीने, बरबटीच्या उसळीने आणि पालेभाजीने भरायची. आधी भाजी-वरण खायचं, भात शेवटी. चहा बिनसाखरेचा. रात्रीच्या जेवणानंतर शाळेच्या मैदानात पंधरा-वीस मिनिटं फेऱ्या. रस्त्यावर नको, अंधारात अस्वलाची भीती. लक्ष्य साडेपाच किलोचं, म्हणजे वजनाच्या सात टक्के. हा आकडा माझ्या मनाचा नाही. 2002 मध्ये अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक उंबरठ्यावरच्या लोकांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. सात टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायचं असं त्यांतल्या एका गटाला सांगितलं होतं. त्या गटात मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत 31 टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी 2006 मध्ये भारतीयांवरचे आकडे मांडले. आहार आणि चालणं यांनी धोका 28.5 टक्क्यांनी घटला, आणि तोही सरासरी वजन फारसं कमी न होता. काटा हलला नाही म्हणून हिरमुसलेल्या पेशंटला मी चेन्नईची ही गोष्ट हमखास सांगते.

"दोनदाच जेवू का मॅडम?" हा प्रश्नही आलाच. डॉ. श्रीकांत जिचकारांची ही कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोचवली आणि ती या जंगलातही आली. माझी हरकत नाही. मधल्या वेळची बिस्किटं सुटतात, हा तिचा मोठा गुण. पण दोनदा जेवून दोन्ही वेळा तोच ढीग रिचवला तर हिशेब तिथेच राहतो. आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने डॉक्टरला न विचारता हे करू नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळतो.

जाता जाता मोहाच्या लाडवांबद्दल. प्रदर्शनात ते 'आरोग्यदायी' म्हणून विकले जातात. मोहफूल मलाही आवडतं, पण वाळलेल्या मोहफुलात साखर ठासून भरलेली असते. जंगलातून आली म्हणून तिचे गुण बदलत नाहीत. कोसरी या भरडधान्याचंही तसंच. तिच्यात तंतू जास्त, म्हणून पांढऱ्या तांदळापेक्षा बरी. तरी ताटभर खाल्ली तर ताटभरच मोजावी लागते.

आता तो शेतकरी. बीएमआय 17. अशा माणसाची साखर वाढलेली दिसली की माझा पहिला प्रश्न खोकल्याचा असतो. क्षयरोग आणि मधुमेह एकमेकांना हात देत येतात, त्यामुळे थुंकी तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्याची थुंकी स्वच्छ निघाली. लहानपणापासूनच्या अर्धपोटी जगण्याने स्वादुपिंड थकलेलं असावं, असा माझा कयास. या प्रकाराला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 मध्ये 'टाइप पाच' म्हणून मान्यता दिली. अशा माणसाला 'कमी खा' सांगणं म्हणजे आजारात भर घालणं. त्याला मी थोडं इन्सुलिन सुरू केलं आणि जेवण वाढवायला सांगितलं: रोज दोन अंडी, डाळ दुप्पट, भात पोटभर. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग गोंडीत बायकोशी काहीतरी बोलला आणि ती हसली. दुभाषी मुलगी म्हणाली, "तो म्हणते, महिनाभर उगाच उपाशी राहिलो."

इथे आणखी एक फसवी जागा आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी सगळीकडे प्रमाण मानतात. ती धरून चालते की तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती त्याच्या कितीतरी आधी मरते आणि आकडा खोटा उतरतो. साखर वाढलेली असूनही कागदावर सगळं ठीक दिसतं. गडचिरोली-चंद्रपुरात सिकलसेल घरोघरी भेटतो. म्हणून आधी सिकलसेलची चौकशी, आणि शंका असेल तिथे उपाशीपोटीची आणि दोन तासांनंतरची साखर. वेळ लागतो, माणसाला दोन तास बसवून ठेवावं लागतं, पण इलाज नाही.

जुलैत पर्लकोटा नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला. दरवर्षीचंच ते. भामरागड तुटलं की आलापल्लीची भाजी येत नाही. दुकानात उरतात बटाटे, बिस्किटं आणि तांदूळ. मला गुरुजींची काळजी वाटत होती. पूल उघडला त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"भाजी नव्हती जी आठ दिवस."

"मग? बटाटे?"

"नाही जी. शाळेमागं तरोटा आला होता. पोरं रोज तोडून आणत. मी एवढे दिवस त्याला गवतच समजत होतो. संग सुकट होती, अंडी होती."

"वजन?"

"काटा कुठं आहे इथं? पण पट्ट्याचं एक भोक आत आलो."

मागून पोरांचा गलका ऐकू येत होता. जेवणाची घंटा झाली असावी. "ठेवतो मॅडम," ते म्हणाले, "नाहीतर भाजी संपते."