ओल दिसते तिथे पाणी नसते



लेवीय या पुस्तकाचा १४वा अध्याय आपण बहुतेक जण भरभर उलटतो. रविवारच्या मिस्सात तो कानावर पडत नाही. त्याच्या उत्तरार्धात घराच्या भिंतीला पडणाऱ्या चट्ट्याचे नियम आहेत. भिंतीत खोल गेलेले हिरवट किंवा तांबूस डाग दिसले, तर घरमालकाने स्वतः जाऊन याजकाला सांगायचे. याजकाने आत पाऊल टाकण्याआधी घर रिकामे करायला सांगायचे, म्हणजे सामान विनाकारण अशुद्ध ठरत नाही. मग डाग पाहून घर सात दिवस बंद ठेवायचे. सातव्या दिवशी पुन्हा पाहायचे. डाग पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंत आतून खरवडायची, नवे दगड, नवा गिलावा. एवढे करूनही डाग परत उमटला, तरच घर पाडायचे.

पाडणे अगदी शेवटी आहे. आणि वरून रंग मारणे तर कुठेच नाही!

यंदाच्या उपवासकाळात मी हा अध्याय तीनदा वाचला, तो आमच्या न्हाणीमुळे. बेळगावातला आमचा फ्लॅट जुना, पहिल्या मजल्यावरचा. खाली अक्का राहतात, त्यांचा मुलगा, सून आणि चार महिन्यांचे बाळ. अक्का आपल्या चर्चच्या नाहीत, पण नाताळात नेवऱ्या पोचायला उशीर झाला तर वर येऊन मागून नेतात. राखेच्या बुधवारी संध्याकाळी त्या आल्या आणि दारातच म्हणाल्या, "सर, एकदा खाली येऊन बघा की."

त्यांच्या झोपायच्या खोलीत छताला परातीएवढी ओल होती. कडेला लोणा फुललेला. मधोमध पाळण्याचा हुक, गंजून तांबडा झालेला, आणि त्याच्याभोवती गिलावा फुगलेला. पाळणा त्यांनी बाहेरच्या खोलीत हलवला होता. फेब्रुवारीचा महिना, पावसाचा थेंब नाही, तेव्हा पाणी वरूनच येत होते यात शंका नव्हती. घरात मात्र वेगळाच निकाल लागला होता. सून बाळाचे कपडे खोलीत वाळत घालते म्हणून ओल धरते, असे अक्का तिच्यासमोरच म्हणाल्या. ती काही बोलली नाही. कपडे गोळा करून आत गेली.

आमच्या आधीच्या मालकांनी या छताला दोनदा रंग काढून दिला होता, आणि वर न्हाणीतल्या फरशांच्या सांध्यांत तीन वेळा पांढरा सिमेंट भरला होता. दर वेळी काही महिने बरे जायचे.

मी ज्या प्लंबरला बोलावले तो पंचविशीतला मुलगा. हातोडी पिशवीतच ठेवून आधी खाली जाऊन आला आणि म्हणाला, "सर, ओल दिसती तिथं पाणी नसतंय. फोडायचं शेवटी बघूया." त्याने स्टुलावर चढून ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढली आणि तारीख घातली. न्हाणी चार-पाच दिवस वापरू नका, पण नळाची लाईन चालू ठेवा, असे सांगितले. मी म्हटले, सातच दिवस ठेवू. त्याला कारण कळले नाही, पण चालेल म्हणाला.

सात दिवस आम्ही चौघांनी मागच्या संडासातल्या कोपऱ्यात बादली ठेवून आंघोळी उरकल्या. माझ्या धाकट्याला हा उपवासाहून मोठा त्याग वाटला. सातव्या दिवशी ओल रेघेच्या आतच होती. नळाच्या पाईपात पाणी चोवीस तास दाबाने उभे असते. तो पाईप गळत असता तर आम्ही न्हाणी वापरो न वापरो, डाग वाढला असता. म्हणजे तो निर्दोष.

मग नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी आणि चिंधी कोंबून न्हाणीत इंचभर पाणी साठवले, फरशीवर पातळीची खूण केली आणि एक दिवस ठेवले. पातळी जवळपास तिथेच. ज्या सांध्यांत इतका सिमेंट गेला, तेही निर्दोष निघाले! शेवटी चिंधी काढून बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ट्रॅपमध्ये ओतली, मग आणखी दोन बादल्या. संध्याकाळी खालून हाक आली. हाक सुनेची होती. हुकाच्या टोकाला निळा थेंब लोंबत होता.

कुमसाराच्या तयारीला जी मंडळी माझ्याकडे बसतात, त्यांची यादी बहुधा दर वर्षी तीच असते: राग आला, मुलांवर ओरडलो, प्रार्थना चुकली. यादी खरी असते, पण ती ओलीची यादी असते. ज्याला घरी पोचताच राग येतो, त्याने दुपारी कामाच्या जागी काय गिळले होते? येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी यासाठी फार साधी रीत सांगितली आहे. एकच दोष घ्यायचा. दिवसाच्या रेघेवर, तो घडेल तितके ठिपके द्यायचे. मग सकाळची रेघ संध्याकाळच्या रेघेशी, आज कालशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. शिक्षा करण्याची घाई त्यात नाही. दोष केव्हा वाढतो, केव्हा थांबतो, एवढेच पाहत राहायचे. माझ्या मते आपण पश्चात्तापात कमी पडत नाही, या पाहण्यात कमी पडतो. लगेच सिमेंट भरतो, आणि तोही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सांध्यात.

फोडले तेव्हा कारण दिसले. न्हाणी मोठी करताना कुणीतरी शेजारच्या खोलीचा कोपरा आत घेऊन ट्रॅप दोन हात पुढे सरकवला होता. नवा तुकडा जुन्या पाईपाला नीट न चिकटवता नुसता सिमेंट थापून जोडला होता. तो सांधा तडकला होता. प्रत्येक आंघोळीला थोडे पाणी खालच्या विटांच्या भरणीत मुरायचे, स्लॅबवरून चार फूट सरकायचे, आणि हुकाचे भोक मिळाले की तिथून उतरायचे. ओली भरणी आम्ही पोती भरभरून बाहेर काढली. तिला कुबट वास होता.

त्या संध्याकाळी चहा घेऊन सून वर आली, मागोमाग अक्का. कपड्यांचा विषय कुणी काढला नाही. अक्कांनी मात्र कामगारांची धूळ दाखवून तिला सांगितले, "बाळाचं धुणं आज आतच घाल गं."

नवा सांधा बसून आता सहा आठवडे झाले. छत वाळते आहे, गिलावा खरवडून ठेवला आहे, नवा हुक आणलेला आहे. रंग मात्र अक्का देऊ देत नाहीत. एक पावसाळा जाऊ दे म्हणतात. प्लंबरची रेघ आणि तारीख अजून तशीच आहे. तिच्या आत सुनेने दोन रेघा स्वतः ओढल्या आहेत, तारखा घालून. दुसरी पहिलीपेक्षा बरीच लहान आहे.