गहू, मी आणि हिंगाची डबी

डब्यात तीन पोळ्या, दुपारी असाइनमेंटच्या धावपळीत वडापाव आणि वीकएण्डला मित्रमैत्रिणींबरोबर पिझ्झा. माझं खाणं अगदी तुमच्यासारखंच होतं. तक्रार एकच, सतत थकवा. त्यात पोट फुगायचं, केस गळायचे आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन नऊच्या वर सरकायचं नाही. 'फ्रीलान्सिंग करतेस ना, वेळेवर जेवत नसशील,' हे निदान तर सगळ्यांनीच करून झालं. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी आणि मग एंडोस्कोपी करायला सांगितली. निकाल लागला, सीलिअॅक डिसीज.

ही अॅलर्जी नव्हे. गहू, बार्ली, राय यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर चालून जाते. उपाय एकच, आयुष्यभर ग्लुटेन बंद.

'वॉव, म्हणजे डाएट! मस्त बारीक होशील,' मैत्रीण म्हणाली. काय बोलणार?

खरं सांगू? पिझ्झा सोडणं फार जड गेलं नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं, महाराष्ट्रात जन्माला आल्याचा हा मोठाच फायदा. जड गेलं ते विचारणं. 'राइसमध्ये सोया सॉस आहे का?' कारण त्यातही बहुतेक वेळा गहू असतो. 'भजी तळलीत त्याच तेलात समोसे तळलेत का?' वेटर वैतागतात. लग्नात मावशी म्हणते, 'अगं, एवढ्याशा पोळीने काय होतंय?' होतं ना! आपल्याकडे पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. पोळीचा एक घास म्हणजे त्याच्या कितीतरी पुढे.

घरी मात्र आईने कंबर कसली. माझा तवा वेगळा, परात वेगळी. गिरणीत आधी कोणाचा गहू दळलेला असेल म्हणून खास घरघंटी आणली. रोज गरम भाकरी.

तरीही सहा महिन्यांनी रिपोर्टमधला आकडा जेमतेमच उतरलेला. 'बाहेर काय खाता?' डॉक्टरांनी विचारलं. काहीच नाही! घरी आल्यावर आम्ही दोघींनी ओट्यावर सगळे डबे, पाकिटं मांडली आणि बारीक अक्षरं वाचायला घेतली. हिंगाची डबी आईच्या हातात होती. घटकांत स्वच्छ लिहिलं होतं, गव्हाचं पीठ.

रोजच्या वरणाची फोडणी!

आई मटकन खुर्चीत बसली. 'मीच घालत होते गं तुला,' म्हणाली आणि रडायला लागली. मला काय बोलावं कळेना. वेटरची उलटतपासणी घेणारी मी, घरातल्या डब्यांना एकदाही प्रश्न विचारला नव्हता. ते आईचे होते ना, म्हणून.

आता तांदळाच्या पिठातला हिंग आलाय आणि पुढच्या रिपोर्टात आकडा चक्क निम्म्यावर. तुम्हालाही शंका असेल तर एक लक्षात ठेवा, तपासणीआधी गहू सोडू नका. रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

आणि आई? ती दुकानात चष्मा लावून आधी मागची बाजू वाचते. हल्ली वाणीही तिच्या हातात पाकीट उलटं करूनच देतो!