पाण्याखालची बाग

मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरात, मॉरिशस नावाचे एक लहानसे बेट आहे. मराठी वाचकांना ते सर्वस्वी परके नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत मजुरी करण्यासाठी कोकणातून जी कुटुंबे तिकडे गेली, त्यांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत. गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांतून मराठीही शिकविली जाते. या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, माहेबूर गावापासून जवळच, ब्ल्यू बे नावाचा उपसागर आहे. तेथे अर्ध्या दिवसाची एक जलयात्रा आम्हांस घडली, तिची हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

किनाऱ्यावर आपल्या कोकणाप्रमाणेच सुरूची झाडे आहेत. सकाळी नऊच्या सुमारास त्यांच्या सावलीतून निघून आम्ही होडीत चढलो. होडीच्या तळास काच बसविलेली होती, त्यामुळे बसल्या जागेवरून पाण्याचा तळ दिसे. मॉरिशसभोवती सुमारे १५० किलोमीटर लांबीचा प्रवाळांचा बांध आहे. महासागराच्या लाटा त्या बांधावर फुटतात आणि आतील पाणी तळ्यासारखे निवांत राहते. दूरवर फेसाची पांढरी रेघ दिसत होती आणि लाटांची गर्जना कानांवर येत होती. आमची होडी मात्र संथपणे चालली होती.

योग्य ठिकाणी येताच नावाड्याने होडी एका तरंगत्या पिंपास बांधली. नांगर टाकला तर प्रवाळ मोडतात, म्हणून येथे ही तजवीज केलेली आहे. मग त्याने प्रत्येकास डोळ्यांवर लावावयाचा काचेचा मुखवटा आणि तोंडात धरावयाची वाकडी नळी दिली. नळीचे वरचे टोक पाण्याबाहेर राहते व तिच्यातून श्वास घेता येतो. “दमलात तर पाठीवर तरंगा, पण खाली पाय टेकू नका,” एवढेच त्याने बजावून सांगितले.

पाण्यात तोंड घालताच निराळेच जग दिसू लागले. हरणाच्या शिंगांसारखे फुटवे, उघडलेले पंखे, अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले गोल खडक, अशा नाना आकारांची ती बाग होती. काळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने जवळ येत. हिरवा-निळा पोपटमासा चोचीने खडक कुरतडीत होता, त्याचा कुरकुर आवाज पाण्यातही स्पष्ट ऐकू येत होता.

ज्यास आपण खडक म्हणतो तो वास्तविक असंख्य सूक्ष्म जीवांचा वाडा होय. हे जीव आपल्या देहातून चुना निर्माण करतात आणि पिढ्यान्पिढ्या घरावर घर रचीत जातात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वास करते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानास देते, आणि प्रवाळांच्या रंगांतही त्याचा मोठा वाटा असतो. गोल प्रवाळांची वाढ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी होते. येथील एका प्रचंड प्रवाळाचे वय हजार वर्षांहून अधिक सांगतात. एका बेसावध टाचेने किती वर्षांचे काम मोडेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. नावाड्याच्या आज्ञेचा अर्थ तेव्हा आम्हांस उमगला.

या बेटास असा धडा पूर्वीच मिळालेला आहे. १५९८ साली डच खलाशी याच किनाऱ्यावर उतरले. येथील डोडो हा उडता न येणारा पक्षी त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच पृथ्वीवरून नाहीसा झाला. ब्ल्यू बेला १९९७ साली संरक्षण मिळाले, तरी धोका टळलेला नाही. समुद्राचे पाणी वाजवीपेक्षा अधिक काळ तापले की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि पुष्कळदा मरतात. १९९८ पासून जगातील प्रवाळांवर हे संकट वारंवार आले आहे.

२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ नावाचे मालवाहू जहाज येथून जवळच प्रवाळबांधावर आदळले. पुढे ६ ऑगस्टच्या सुमारास त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांतील लोक हुकमाची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी उसाचे पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरले, त्यांना रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि तेल अडविण्यासाठी ते तरंगते बांध समुद्रात सोडले. ज्या उसासाठी त्यांच्या पूर्वजांनी घाम गाळला, त्याचेच पाचट समुद्राच्या कामी आले. त्या कामात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असा भेद कोणी केला नाही.

हा एकोपा त्या बेटावर नवा नव्हे. १८४१ साली फादर जाक लाव्हाल हे फ्रेंच धर्मगुरू तेथे आले व नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या सेवेत त्यांनी २३ वर्षे देह झिजविला. १९७९ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. दरवर्षी ९ सप्टेंबरास, त्यांच्या स्मृतिदिनी, सर्व धर्मांचे लोक सेंट-क्रॉ येथील त्यांच्या कबरीपाशी जमतात. २०१९ साली त्याच दिवशी पोप फ्रान्सिस यांनी मॉरिशसमध्ये मिस्सा अर्पण केली होती. सृष्टीच्या जतनाविषयीच्या त्यांच्या २०१५ च्या परिपत्रकात प्रवाळांच्या नाशाचाही स्पष्ट उल्लेख आहे.

परमेश्वराने पहिल्या मनुष्यास बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे आपला धर्मग्रंथ सांगतो. मशागत आपल्या शेतकरी आणि कोळी कुटुंबांना शिकवावी लागत नाही. राखणीचा मात्र विसर पडतो. आपल्या गावचा ओढा, नदीचा डोह, खाडीतील कांदळवन, हीही त्याच मालकाची बाग आहे. तेथे कचरा टाकण्यास हात उचलला जाईल तेव्हा, वाचकहो, त्या नावाड्याचे शब्द आठवावेत, आणि आपल्या मुलाबाळांनाही सांगावेत.