जलहळ्ळीची घड्याळे

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेळगाव सोडलेले आम्ही चौघे सकाळी यशवंतपूरला उतरलो, तेव्हा चार मनगटांवर चार निरनिराळ्या वेळा होत्या. फरक दोन-चार मिनिटांचाच. पण किल्लीच्या घड्याळांचा नाद लागलेल्यांना भांडावयास तेवढा पुरतो.

निघालो होतो जलहळ्ळीचे एच.एम.टी.चे संग्रहालय पाहावयास. १९५३ साली यंत्रे घडविण्यासाठी निघालेल्या या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये मनगटी घड्याळे करावयास घेतली. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे आमच्याकडे मॅट्रिक झालेला मुलगा, बोहल्यावरचा जावई आणि निवृत्त होणारे मास्तर, सर्वांच्या हातावर बहुधा हेच घड्याळ असे. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

आमच्यातील एका स्नेह्यांनी खिशात वडिलांचे ‘जनता’ रुमालात गुंडाळून आणले होते. सतरा ज्वेल्सचे, सेकंदाला पाच ठोके देणारे यंत्र अजून खणखणीत; मात्र तबकडी हळदीच्या फडक्यासारखी पिवळी पडलेली, आणि सहाच्या आकड्यापाशी पावसाच्या पाण्याचा डाग. ती नवी रंगवून घ्यावी, असे त्यांनी ठरविले होते. “मुलाला असले कळकट घड्याळ कसे द्यावयाचे?” हा त्यांचा प्रश्न. गाडीत निम्मी रात्र त्यावरच गेली. रंगवाच, असा आग्रह सर्वांत जास्त कोणाचा, तर या ओळी लिहिणाऱ्याचा. कारण त्याच्या मनगटावर आठवडी बाजारात घेतलेला काळ्या तबकडीचा ‘पायलट’ नव्यासारखा चकाकत होता.

संग्रहालयातील काचेमागच्या काळ्या तबकड्यांपाशी मात्र आमची बोलती बंद झाली. तेथील आकडे रेखीव, कडा धारदार, मिनिटांच्या रेघा नेमक्या जागी. आमच्या पायलटवरील आकडे गलेलठ्ठ, अक्षरे कडांशी फुटलेली, आणि एका बाजूच्या रेघा मिनिटकाट्याशी जुळेनात. कोणीतरी मूळ तबकडी खरवडून त्यावर नवा छाप उठविला होता. इतकी वर्षे स्नेह्यांच्या बैठकीत आम्ही जो मिरविला, तो यंत्राने खरा आणि तोंडाने खोटा! कोणी हसले नाही, हे त्यांचे सौजन्य.

‘जनता’वाल्यांनी रुमाल सोडला आणि आपले घड्याळ काचेजवळ नेले. पिवळेपणाखाली अक्षर न् अक्षर समोरच्यासारखेच होते. डागाकडे पाहत ते म्हणाले, “एकदा पावसात शेतावरून येताना बाबा ओढ्यात घसरले, तेव्हाचे हे पाणी. आई किती तरी दिवस चिडवीत असे.” गाडीत रात्रभर वाद घालताना हे त्यांनी सांगितले नव्हते, कदाचित आठवलेही नसावे.

दुपारी बाहेर झाडाखाली डबे उघडले. दशम्या संपेपर्यंत तबकडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

बेळगावात उतरल्यावर ते थेट खडेबाजारातील घड्याळजींकडे गेले, आम्हीही मागोमाग. “तेल घाला, काच बदला,” त्यांनी बजावले, “तबकडीला हात लावू नका.” घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून पाहिले, मान डोलावली, आणि आमच्या मनगटाकडे वळून विचारले, “आणि याचे काय करावयाचे?”

काही नाही, असे सांगितले. आमचा पायलट दिवसाला दोन मिनिटे पुढे जातो. तेवढे त्यांनी बसल्या बसल्या जुळवून दिले.