नाव मोकळं आहे का?

कोल्हापुरात दुकानाला नाव देताना फार डोकं लावायची पद्धत नाही. अंबाबाईचं गाव, म्हणून ‘महालक्ष्मी’ किंवा ‘अंबिका’. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर श्रद्धा असेल तर ‘जोतिबा’. पुढं ‘चप्पल मार्ट’ लिहिलं की पाटी तयार. चप्पल लाईनीतलं आमचं दुकानही असंच देवीच्या नावाचं. त्याच नावाची गावात आणखी किती दुकानं आहेत, हे वडिलांनी कधी मोजलं नाही. मोजायची गरजही नव्हती. दर्शन झालं की पर्यटकांचे पाय आपोआप आमच्या गल्लीकडं वळायचे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा कंपनीनं हुबेहूब आपल्यासारखी पायताणं दाखवली आणि गावात एकच कालवा झाला. आमच्याकडं परगावचे फोन वाढले. जो तो विचारायचा, ‘वेबसाइट आहे का?’ शेवटी पुतणीनं मनावर घेतलं. “काका, आता पाटी इंटरनेटवर लावायची.”

तिनं नावही काढलं होतं. ‘कोल्हापुरी’ आणि त्यापुढं एक झोकदार इंग्रजी शब्द. डॉट कॉम कुणीतरी आधीच अडवून ठेवलं होतं. त्यावर दुकान नाही, माल नाही, नुसता ‘विकणे आहे’चा फलक. डॉट इन मात्र मिळत होतं, तेही वर्षाला हजाराच्या आत. ती पैसे भरणार, तेवढ्यात आमचं जीएसटीचं काम बघणाऱ्यांनी थांबवलं आणि शाहूपुरीतल्या एका वकिलांकडं धाडलं.

वकील म्हणाले, “डोमेन मोकळं आहे म्हणजे एका वहीत मोकळं आहे. दुसरी वही बघितली का?”

दुसरी वही म्हणजे ट्रेड मार्कची नोंदवही. ती सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते, हे मला तिथंच कळलं. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग. पादत्राणं २५ व्या वर्गात, पाकिटं-पिशव्या १८ व्या, दुकानदारी ३५ व्या. त्यांनी आधी शब्द जसाच्या तसा शोधला, मग उच्चारावरून शोधला. दुसऱ्या शोधात २५ व्या वर्गात परराज्यातल्या एका चप्पल कंपनीचं नाव निघालं. स्पेलिंग वेगळं, पण मोठ्यानं म्हटलं तर आमचंच वाटावं.

पुतणी म्हणाली, “पण अक्षरं वेगळी आहेत की!”

“गिऱ्हाईक अक्षरं मोजत नाही, कानावर पडलेलं लक्षात ठेवतं,” वकील म्हणाले. मग त्यांनी १९९९ चा खटला सांगितला. ‘रेडिफ’ या संकेतस्थळाचं नाव गाजत असताना एकानं ‘रॅडिफ’ डॉट कॉम घेतलं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं ते थांबवलं. २००४ मध्ये ‘सिफी’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की डोमेन हा नुसता पत्ता नाही, व्यापारी नावासारखंच त्यालाही संरक्षण आहे. डॉट इनबद्दल तक्रार झाली तर कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही. लवाद नेमला जातो, आणि नाव दुसऱ्याच्या मार्कशी मिळतंजुळतं आहे, आपला त्यावर हक्क नाही, हेतूही वाईट होता असं ठरलं तर ते काढून तक्रारदाराला देता येतं. तोवर आपण खोकी, पिशव्या, बिलं सगळी छापून बसलेलो.

राहिला ‘कोल्हापुरी’ हा शब्द. तो तर आमच्या हक्काचा, असं मला वाटत होतं. हक्काचा आहे, पण एकट्याचा नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं बाबू जगजीवन राम चर्मोद्योग महामंडळ या दोघांच्या नावावर आहे. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली ती यावरच: याचिका करणारे मानांकनाचे नोंदणीकृत मालक नाहीत. डिसेंबरात प्राडानं करार केला तोही याच दोन महामंडळांशी. तेव्हा ‘कोल्हापुरी’ हे मालाचं नाव, दुकानाचं वेगळं हवं, एवढं आमच्या डोक्यात पक्कं बसलं.

घरात मग नावांचा बाजार भरला. भावाला चपलेच्या आवाजावरून ‘करकर’ आवडलं, पण मालाचं वर्णन करणाऱ्या शब्दावर हमखास हरकत येते, असं वकिलांनी सांगितलं. शेवटी आजीचं लाडकं नाव आणि आमच्या मूळ गावाचं नाव जोडून एक नवाच शब्द तयार केला. इथं तो लिहीत नाही, नाहीतर ही जाहिरात व्हायची. आधी मार्कची वही तपासली, मग कंपन्यांची यादी, आणि त्याच संध्याकाळी डॉट इन, डॉट कॉम आणि देवनागरीतलं डॉट भारत घेतलं. तिन्ही दुकानाच्या नावावर, आमच्याच ईमेलनं. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचं डोमेन साइट करणाऱ्या पोरानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो पोरगा फोन उचलेना तेव्हा साइटही गेली आणि पत्ताही.

ट्रेड मार्कचा अर्ज ऑनलाइन भरल्यास लघुउद्योगाला वर्गामागं ४,५०० रुपये लागतात. आम्ही २५ आणि ३५ असे दोन वर्ग घेतले. नावापुढं ‘टीएम’ नोंदणीआधीही लावता येतं. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्याशिवाय कायद्यानं लावता येत नाही. नाव ट्रेड मार्कच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणालाही विरोध करता येतो. आमचा अर्ज अजून तपासणीत आहे. मधल्या काळात ‘चीनमधली एक कंपनी तुमचं नाव घेतेय, तातडीनं पैसे भरा’ असा फसवणुकीचा ईमेल आला. पुतणीनं तो वाचून मोठ्यानं हसत पुसून टाकला.

वडिलांच्या काळची, जुन्या नावाची पावतीपुस्तकं मात्र मी माळ्यावरून काढून नीट बांधून ठेवली. कायद्यात आधी नोंदवणाऱ्यापेक्षा आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा ठरू शकतो, आणि त्याचा पुरावा म्हणजे जुनी बिलं. लाईनीतल्या आणि सुभाषनगरातल्या आमच्या धंद्यातल्या भावांना एवढंच सांगणं आहे: डोमेनचे पैसे भरण्याआधी अर्धा तास मार्कची वही चाळा, आणि जुनी बिलं रद्दीत घालू नका.