पैनगंगेच्या काठाने सायकलवर

दिवाळीची सुटी लागली, सोयाबीन घरात आले आणि आम्ही पाच जण केनवडहून सायकलींवर निघालो. त्यांत आमच्या दोन मुली. "पोरींना कशाला नेता?" असे शेजारी म्हणाले, आम्ही त्यांनाच पुढे ठेवले. चार दिवसांचा बेत : रिसोड, कनेरगाव नाका, पुढे इसापूर धरण.

बुलढाण्याकडच्या अजिंठा डोंगरात उगम पावलेली पैनगंगा मेहकरवरून आपल्याकडे येते. १८५३ नंतर अलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख; १९४८ पर्यंत ही नदीच सीमा होती. आज सायकल पाच मिनिटांत पलीकडे जाते. भाकरी-ठेचा तोच.

वाचकहो, काठाची वाट सोपी नाही. ओली काळी माती मडगार्डात अशी बसते की चाकच फिरत नाही. काडीने उकरत बसावे लागते. म्हणून डांबरी रस्ता धरावा, नदीकडे फाट्याने उतरावे. दोन्ही पंक्चर मुलींनीच काढले, परातीत ट्यूब बुडवून.

मुक्काम समाजमंदिरात. तिथल्या बायांनी मुलींना आपल्या घरी झोपायला नेले आणि रात्री उशिरापर्यंत सायकलीचेच विचारले.

इसापूरचे पाणी पाहून धाकटी म्हणाली, "हे आपल्याच नदीचे ना? मग उन्हाळ्यात आपल्याकडे पात्र कोरडे का?" हे पाणी हिंगोली, नांदेड, यवतमाळच्या शेतीला जाते, वरच्या अंगाला बॅरेज फार उशिरा आले, एवढे आम्ही सांगितले. तिचे समाधान झाले नाही, आमचेही नाही.

पुढच्या वर्षी सहस्रकुंड धबधब्यापर्यंत जायचे ठरले आहे. मुलींना पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनी आतापासून सायकलीची सवय लावावी.