हिरडीची पकड

"तीन, दोन, पाच. चार, तीन, सहा." मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात खुर्चीवर आडवी होऊन मी हे आकडे ऐकत होते. एक तरुण डॉक्टर मिलिमीटरच्या खुणांची बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत अलगद टेकवत होती, दुसरी लिहून घेत होती. हिरडी आणि दात यांच्यातली फट ३ मिलिमीटरपर्यंत असली तर काळजी नाही. माझ्या दाढांपाशी ती ६ पर्यंत उतरली होती. आपल्याकडे पायोरिया म्हणतात तो हाच.

हिरडी कापावी लागणार या धास्तीनेच मी गेले होते. "काकू, आधी मुळं साफ करू, मग हिरडीला वेळ देऊ. कापायचं की नाही ते त्यानंतर बघू," सळई धरलेली डॉक्टर म्हणाली आणि माझा रक्तातल्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, रिपोर्ट मागितला. मला मधुमेह आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. माझ्या साखरेच्या डॉक्टरांनी इतक्या वर्षांत कधी तोंड उघडायला सांगितलं नव्हतं. हे बदलायला हवं.

घरी आत्याचा विरोध. "मशीनने दात घासले की ढिले होतात, शेजारणीचे झाले ना!" ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि तिच्यापायी कितीतरी लोकांनी दात गमावले असतील, असं मला मनापासून वाटतं. दाताला धरून ठेवणारं हाड आतल्या आत आधीच झिजलेलं असतं. वर साठलेलं कीटण दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. कीटण निघालं की हालणारा दात हालताना जाणवतो, इतकंच.

एकेक बाजू बधिर करून काम चाललं. पाण्याचा फवारा मारणाऱ्या, थरथरणाऱ्या टोकाने मोठं कीटण सुटलं. मग हातातली वाकडी, धारदार हत्यारं हिरडीखाली गेली. दुखत नव्हतं, पण खरवडण्याचा आवाज कवटीत घुमायचा. आधी खरखरीत, मग हळूहळू गुळगुळीत. आत काही दिसत नाही. मूळ साफ झालं हे डॉक्टरला बोटांनाच कळतं. त्या मुलीच्या चिकाटीचं मला फार कौतुक वाटलं.

नंतर काही दिवस क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या. त्याने चहाची चव जायची आणि दातांवर तपकिरी डाग यायचे, म्हणून ते औषध थोडेच दिवस वापरायचं. खरं काम त्यानंतरचं. दातांवरचा चिकट थर काही दिवसांतच घट्ट होऊ लागतो, त्यामुळे रोज रात्री दातांच्या फटींतून बारीक गोल ब्रश फिरवायचा आणि साधा ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायचा. मुळावरची घाण गेली की हिरडीची आतली त्वचा मुळाला पुन्हा बिलगते. गेलेलं हाड मात्र बहुतेक परत येत नाही. सूज उतरल्याने हिरडी मागे सरकते, दात लांब दिसतात, गार पाणी झोंबतं. आरशात ते पाहून आधी मी घाबरले, मग हेच बरं होणं आहे हे पटलं.

काही आठवड्यांनी पुन्हा सळई फिरली. बहुतेक ठिकाणी ५ चे ३, ६ चे ४ झाले होते आणि रक्त जवळजवळ थांबलं होतं. एका दाढेच्या दोन मुळांच्या बेचक्यात मात्र ६ कायम. तिथे हत्यार नीट पोहोचत नाही. ती जागा कदाचित हिरडी उघडूनच साफ करावी लागेल. तूर्त दर तीन महिन्यांनी तपासणी ठरली आहे.

आत्या अजून मशेरी लावते आणि "माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही" म्हणते. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रोग आत वाढत असतानाही रक्त दिसत नाही, हे डॉक्टरने मला समजावून सांगितलं होतं. पुढच्या तपासणीला मी तिलाही घेऊन जाणार आहे. ती तयार झाली आहे, पण मशीन लावायचं नाही, फक्त मोजायचं, या अटीवर.